अक्काच्या गाडीचा पुढचा धुरा

अक्काचा फोन आला तेव्हा माझ्या खुर्चीत एक निवृत्त मास्तर तोंड वासून बसले होते आणि माझ्या हातात दाढ काढायची पकड होती. मी फोन वाजू दिला. तो थांबला आणि लगेच परत वाजला. शेवटी मास्तरांनीच हात हलवून खूण केली, घ्या एकदाचा. त्यांना तेवढीच सुटका.

"धुरा गेला," अक्का म्हणाली. "पुढचा."

"तुला कुठं लागलं का?"

"मला काय होतंय! टेकाडावर बसून शेंगा खातेय. खाली नाल्यात रेंज नाही." आणि ती हसायला लागली. मागून बैलांना हाकारे घातल्याचा आवाज येत होता. डोंगरातल्या पाड्यावरची माणसं तिची पिकअप नाल्यातून ओढून काढत होती.

अक्का माझी मोठी बहीण. आम्ही दोघी सोनगीरच्या. मी दातांची डॉक्टर होऊन धुळ्यात दवाखाना टाकला, आणि ती लग्न होऊन यावल तालुक्यात गेली, सातपुड्याच्या पायथ्याला. सासरी केळीच्या बागा. दाजी सरळ, शांत माणूस. दिवसभर बागेत पाणी बघावं, घरी आल्यावर स्वयंपाकात हात घालावा. अक्काला मात्र घरात बसवेना. तिनं आधी गावात किराणा दुकान टाकलं. मग पाड्यांवरचे लोक चारोळी, डिंक, सीताफळं डोक्यावर घेऊन डोंगर उतरून येताना दिसायला लागले, तेव्हा तिनं ठरवलं की आपणच वर जायचं. वर जाताना तेल-मीठ न्यायचं, खाली येताना त्यांचा माल आणायचा. त्यासाठी तिनं ती पिकअप घेतली.

गाडी तिच्या लग्नाच्याही आधीची असेल. निळा रंग, तोही जागोजागी उडालेला. पण चारही चाकांना जोर देणारी, म्हणून अक्काचा तिच्यावर जीव. दाजींनी ती एकदाच चालवली आणि थेट केळीच्या बागेत नेऊन उभी केली. तेव्हापासून स्टेअरिंग अक्काच्याच हातात.

त्या गाडीचं दुखणं पुढच्या धुऱ्यात होतं. पुढच्या दोन चाकांना जोडणारी ती आडवी लोखंडी नळी आधीच हलकी, त्यात इतक्या वर्षांचे दगडधोंडे खाल्लेली. सपाट रस्त्यावर जरा वेग घेतला की स्टेअरिंग अंगात आल्यासारखं थरथरायचं. अक्का ते दोन्ही हातांनी दाबून धरायची आणि गप्पा मारत राहायची. शेजारी बसणाऱ्याचा जीव मात्र मुठीत. त्या दिवशी नाल्यातल्या एका मोठ्या धोंड्यावर उजवं चाक आपटलं, नळी वाकली, आतला शाफ्ट तुटला आणि चाक बाहेरच्या बाजूला कलंडलं.

"आता विकून टाक," मी म्हणाले. दाजीही म्हणाले. दुकानात येणारे सगळेच म्हणाले, नवी घ्या.

"नव्या गाडीचं पोट जमिनीला टेकतं," अक्का म्हणाली. "मला हीच पाहिजे. फक्त पाय मजबूत पाहिजे. दुसरा धुरा बसवायचा, हिच्यापेक्षा जाड. आणि तो नाना बसवणार."

नाना म्हणजे अक्काचा प्राथमिक शाळेतला वर्गमित्र. सोनगीरच्या किल्ल्याखाली, हायवेला लागून त्याचं गॅरेज. जुन्या फोर-बाय-फोर गाड्या दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही, असं सगळे म्हणत, आणि सगळ्यांत जास्त वेळा तो स्वतःच म्हणे. गॅरेजमध्येही पांढराशुभ्र शर्ट. केस काळेभोर, ते कशानं काळे ते सगळ्यांना ठाऊक. गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये त्याची स्वतःची एक जुनी हिरवी जीप होती. तिला तो रोज सकाळी पुसायचा, दर शनिवारी लिंबू-मिरची बदलायचा, आणि तिच्यात कोणाला बसू द्यायचा नाही. सख्ख्या जावयालाही नाही.

यावलला केळी न्यायला आलेला एक ट्रक माल न मिळाल्यानं रिकामाच परत चालला होता. तो मुंबईकडे निघाला तेव्हा अक्कानं पिकअप त्यावर चढवली आणि स्वतः ट्रकच्या केबिनमध्ये बसून आली. मी दवाखाना बंद करून सोनगीरला पोचले तेव्हा नाना गाडीखालून बाहेर येत होता.

"हाई काय करी टाकं अक्का तू?" तो म्हणाला. "बठ्ठं खोलनं पडी."

"सगळं खोल ना मग. बघत काय बसलास?"

"पण धुरा आनशी कथाईन?"

"धुळ्याहून," अक्का म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. "ही आहे ना धुळ्याची."

मी धुळ्याची होते, पण धुळ्यात भंगार बाजार नेमका कुठं आहे तेही मला नीट ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिथं हिंडलो. जुन्या दारांचे ढीग, सायलेन्सरच्या माळा, इंजिनांच्या रांगा. अक्का त्यातून अशी चालत होती, जशी बाकीच्या बायका साडीच्या दुकानात चालतात. इथं हात लाव, तिथं ठोकून बघ, नाक मुरड, पुढं चल. दुपार कलली तरी मनासारखं काही मिळेना. माझे पाय दुखायला लागले होते आणि मी रसवंतीकडे डोळे लावले होते, तेवढ्यात अक्का एका कुंपणाशी थांबली.

आत गवतात एक बकरी चरत होती. ती ज्याला बांधली होती, ते एका जड गाडीचं पुढचं एक्सल होतं, म्हणजे धुराच. माझ्या मांडीएवढी जाड नळी. मध्ये गोल फुगीर पोट, ज्यात चाकांना फिरवणारी दातेरी चक्रं असतात. अक्कानं वाकून गवत बाजूला केलं, दोन्ही टोकांना हात फिरवला, आणि माझ्याकडे बघून असं हसली की मला आम्ही लहानपणी चोरलेल्या चिंचा आठवल्या.

"हे द्या," ती मालकाला म्हणाली.

"ते विकायचं नाही," मालक म्हणाला. "बकरी कशाला बांधू मग?"

"मी खुंटा देते."

"खुंटा उपटते ती. महाबिलंदर आहे. हे एकच तिला हलवता येत नाही."

अक्का खाली बसली. त्या माणसाशी ती बराच वेळ फक्त बकरीबद्दल बोलली. किती दूध देते, काय खाते, शेजाऱ्याच्या मेथीत गेली होती का. मी रस पिऊन आले तरी दोघं बकरीवरच. शेवटी त्यानंच विचारलं, "तुम्हाला कशाला पाहिजे हे?" मग अक्कानं नाला सांगितला, पाडा सांगितला, कलंडलेलं चाक सांगितलं. माणूस उठला, आतून एक फुटलेलं इंजिन ढकलत आणलं, बकरी त्याला बांधली आणि म्हणाला, "न्या." भाव त्यानंच असा लावला की अक्कानं घासाघीस केली ती फक्त त्याला वाईट वाटू नये म्हणून.

ते एक्सल मालवाहू रिक्षात चढवायला बाजारातली चार माणसं लागली. सोनगीरपर्यंत रिक्षाचं पुढचं चाक जमिनीला टेकतंय की नाही, याचीच रिक्षावाल्याला काळजी.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस होते. आजही ते आठवले की हसू येतं. मी सकाळचे पेशंट उरकायचे आणि दुपारी सोनगीर गाठायचे. कोणी विचारलं तर सांगायचे, बहिणीकडे काम आहे. काय काम, हे सांगून कोणाला पटलं नसतं.

जुना धुरा खाली काढला तेव्हा तो नव्याशेजारी काडीपैलवानासारखा दिसला. पण नवा तसाच्या तसा बसणार नव्हता. गाडीचा भार ज्या लोखंडी पाट्यांवर असतो ते पाटे जिथं टेकतात, त्या बैठका नव्या धुऱ्यावर चुकीच्या जागी होत्या. त्या कापायच्या आणि दुसऱ्या जागी वेल्डिंग करायच्या. त्याही जराशा मागं कलत्या, नाहीतर वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ होत नाही. नानानं ओळंबा सोडला, दोरी बांधली, खडूनं खुणा केल्या. अक्का एका बाजूनं बघायची, तो दुसऱ्या बाजूनं.

"तुझ्याकडं उतरलंय," अक्का म्हणायची.

"तुझी मान वाकडी शे," नाना म्हणायचा.

मग दोघं जागा बदलायचे आणि तेच भांडण उलट्या बाजूनं सुरू. मी मध्ये डोळ्यांना काळी काच लावून टॉर्च धरून बसायचे. शाळेत हे दोघं एका बाकावर कसे बसले असतील, आणि मास्तरांनी काय सोसलं असेल, याचा मला तिथं उलगडा झाला.

चाक जिथं वळतं तिथल्या खिळ्याचे बुश, म्हणजे त्याच्याभोवतीच्या कड्या, झिजले होते. बाजारात मिळेनात. नानाचं मूळ घराणं तांबटांचं; त्याचा चुलतभाऊ अजून गावात भांडी घडवतो. त्यानं जुन्या घंटेच्या धातूसारख्या पिवळ्या धातूचे बुश ओतून, लेथवर कातून दिले. त्यांच्यावर ग्रीस लावून ते बसवताना माझ्या हातांना इतकं बरं वाटलं की मी नानाला म्हटलं, "हे अगदी दातावर टोपी बसवल्यासारखं आहे."

"मग तुमीन बठाडा," नाना म्हणाला आणि हातोडी माझ्या हातात दिली. चारही बुश मीच बसवले.

दाजी यावलहून दोन एस.टी. बदलून आले. खांद्यावरच्या पिशवीत बामणोदची भरताची वांगी आणि कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ. बायको घरी नाही म्हणून हा माणूस कंटाळला होता, पण तसं म्हणाला नाही, म्हणाला, "वांगी जास्त झाली होती." गॅरेजच्या मागं काटक्या पेटवून त्यांनी वांगी भाजली, लाकडी बडगीत मिरच्या, लसणासकट ठेचली आणि चुलीवर भाकरी टाकल्या. हायवेवरचे दोन ट्रक ड्रायव्हर वासानं थांबले. त्यांनाही वाढलं. आम्ही सगळे काळ्या हातांनी उकिडवे बसून जेवलो आणि नाना शर्टावर डाग पडू नये म्हणून गळ्यात वर्तमानपत्र अडकवून जेवला.

धुरा बसला. ब्रेकच्या नळ्या लागल्या, स्टेअरिंगची लांब सळई नवी आली, चाकं चढली. पुढून गाडी आता जरा रुंद आणि उंच दिसत होती; दाजी म्हणाले, छाती काढून उभी आहे. अक्का तिला घेऊन हायवेवर गेली. मी शेजारी. वेग वाढला तशी मी सवयीनं दांडी घट्ट धरली आणि थरथरीची वाट बघत राहिले. काही नाही. अक्कानं स्टेअरिंगवरचे दोन्ही हात अलगद उचलले. गाडी सरळ रेषेत चालत होती.

"बघ," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

"हात ठेव आधी," मी म्हणाले. पण मलाही रडू येत होतं.

परत आलो तर नानानं पेढे आणून ठेवले होते. "आपला हातनी गाडी परत येत नही," तो दाजींना सांगत होता. हे वाक्य मी त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की मी त्याच्याबरोबरच पुटपुटले.

राहिली होती चारही चाकांना जोर लावायची परीक्षा. किल्ल्याच्या पायथ्याला मुरमाची एक चढण आहे. अक्कानं छोटा दांडा ओढला, पुढच्या चाकांना जोर लागला, आणि गाडी चढणीला लागली. थोडीशी चढली आणि गुरगुरायला लागली. मग उड्या मारायला लागली. सरळ जायचं सोडून जागच्या जागी आखडून बसली, जशी म्हैस पाण्यात बसते. अक्कानं दांडा परत ढकलला, तो हलेना. गाडी जरा मागं घेतली तेव्हा कट् करून सुटला.

नाना धावत आला. "कडक जमिनीवर असंच व्हस," तो म्हणाला. "वळताना अडकस."

"मी वळले कुठं?" अक्का म्हणाली. "सरळ चालले होते. पुढचं चाक एका चालीनं चालतंय आणि मागचं दुसऱ्या. एक बैल खिलारी आणि एक गावठी."

"चाल सारखीच शे. मी सांगस ना. त्या कंपनीना बठ्ठा धुरा सारखाच ऱ्हातस."

"दात मोजलेस का आतले?"

नानाचं तोंड उतरलं. तो वळला आणि हायवेच्या बाजूला चालायला लागला. चहाच्या टपरीवर गेला असेल असं आम्हाला वाटलं, पण दुपार गेली तरी तो आला नाही.

"जाऊ दे, शाळेतही असाच होता," अक्का म्हणाली. "गणित चुकलं की पाटी घेऊन घरी जायचा."

आम्ही दोघींनी मग स्वतःच बघायचं ठरवलं. पुढचं एक चाक जॅकवर उचललं. टायरवर खडूची एक रेघ मारली आणि इंजिनाकडून धुऱ्याला येणाऱ्या लांब दांड्यावर दुसरी. मी चाक फिरवत राहिले आणि अक्का खाली झोपून दांड्याचे फेरे मोजत राहिली. मग हेच मागच्या चाकाला. आम्ही ते पुन्हा पुन्हा केलं. दर वेळी उत्तर तेच आलं. चाकाच्या एका फेऱ्याला मागचा दांडा जास्त फिरत होता, पुढचा कमी. दोन्ही धुऱ्यांच्या पोटातल्या चक्रांचे दात जुळत नव्हते. नुसत्या मागच्या चाकांवर गाडी सुखानं चालली असती; चारही लावली की दोन्ही धुरे एकमेकांना ओढत बसणार. आणि नाल्यात तर चारही लावावीच लागतात.

अक्का गाडीच्या चाकाला डोकं टेकून बसली. भोंगऱ्या जवळ आला होता. होळीच्या आधी पायथ्याच्या गावांत भरणारा हा बाजार म्हणजे पाड्यावरच्या लोकांचा वर्षाचा सण. त्यांचे मोठे ढोल गाडीतून खाली आणायचं अक्कानं कबूल केलं होतं. "चालत आणतीलच ते," ती म्हणाली. "वर्षानुवर्षं आणतात. पण मी सांगितलं होतं ना." त्या सगळ्या दिवसांत ती पहिल्यांदा थकलेली दिसली. दाजी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिच्या केसातला लोखंडाचा कीस वेचत राहिले.

ऊन उतरत असताना नाना आला. पायी नव्हे. मागच्या शेडचं शटर वर गेलं आणि ती हिरवी जीप, चकचकीत, आरशाला मोत्यांची माळ, हळूहळू बाहेर आली. नानानं ती आमच्या पिकअपशेजारी उभी केली. उतरला. पांढरा शर्ट काढून दारावर टांगला. बनियनवर नानाला मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं.

"हिना पुढला धुरा तुना धुराना सख्खा भाऊ शे," तो म्हणाला. "पोटमधला दात मात्र तुना मागलासंगे जुळी. मी मोजेल शेतस. आते जाईसन मोजं."

अक्काला कळायला वेळ लागला. "मग?"

"मग काय? हिना दात काढू, तुले लावू. तुना हिले लावू."

"अरे, मग तुझी जीप आखडेल की!"

"माले कुठं चारी चाकं लागतस? मी हिले फक्त पुसस."

अक्का नको म्हणाली. दाजी नको म्हणाले. मी तर म्हणाले, आपण बाजारात शोधू, मुंबईहून मागवू. नाना तोवर जीपखाली गेला होता. खालून त्याचा आवाज आला, "दात मोजानं काम तं डॉक्टरनं व्हतं. माले कशाले बोलता?" आणि मग सगळे जे हसत सुटलो ते बराच वेळ. अक्का हसता हसता डोळे पुसत होती. मग तिनं पदर खोचला आणि त्याच्या शेजारी जीपखाली शिरली.

चक्रं काढून एका ओळीत पोत्यावर मांडली तेव्हा त्यांनी खरंच मला बोलावलं. मी चष्मा लावला, सुरुवातीच्या दाताला खडू लावला आणि एकेका दाताला बोट लावत मोजले. नाना समोर उकिडवा बसून माझ्या तोंडाकडे बघत होता, निकाल लागायच्या दिवशी पोरं बघतात तसा.

"जुळतात," मी म्हणाले. "आणि कीड नाही."

दुसऱ्या दिवशी त्याच चढणीवर अक्कानं दांडा ओढला. गाडी गुरगुरली नाही. पुढच्या चाकांनी मुरूम धरला, मागच्यांनी ढकललं, आणि ती चढण अशी चढली जशी बाई भरली घागर घेऊन पायरी चढते. टोकावर अक्कानं गाडी थांबवली. खालून नाना दोन्ही हात वर करून ओरडत होता. काय ओरडत होता ते ऐकू आलं नाही, पण मला वाटतं ते वाक्य तेच असणार.

अक्का आणि दाजी शिरपूर-चोपड्याच्या रस्त्यानं घरी गेले. तापीच्या पुलावरून अक्कानं मला फोन केला आणि दाजींना बोलायला लावलं. दाजी म्हणाले, "मी झोपलो होतो." त्या गाडीत दाजींना झोप लागली, याहून मोठी बातमी नव्हती.

भोंगऱ्याच्या दिवशी मी दवाखान्याला कुलूप लावलं आणि भल्या सकाळी यावलची वाट धरली. नाना माझ्याबरोबर. आम्ही पोचलो तेव्हा अक्का आणि दाजी निघायच्या तयारीतच होते. पाड्याकडे जाताना नाला लागला. पाणी थोडंच होतं, पण धोंडे सगळे जागेवर. ज्या धोंड्यानं धुरा वाकवला होता तो तिनं आम्हाला बोटानं दाखवला, एखादा ओळखीचा माणूस दाखवावा तसा. मग दांडा ओढला. उजवं चाक एका दगडावर चढलं, गाडी डावीकडे कलली, मी आणि नाना एकमेकांवर पडलो. चाक दगडावरून उतरलं, दुसरं चढलं. खालून एक-दोनदा दगड घासल्याचा आवाज आला, आणि त्या जाड नळीनं त्याची दखलही घेतली नाही. नाना डोळे मिटून नुसता ऐकत होता. पलीकडच्या काठावर गाडी आली तेव्हा त्यानं डोळे उघडले आणि खिशातून कंगवा काढून केस सारखे केले.

पाड्यावर सगळे नटून तयार होते. बायकांच्या अंगावर चांदी, पुरुषांच्या डोक्याला रंगीत फेटे, कमरेला घुंगरं. ढोल तर असे, की एकेकाला उचलायला दोघं लागावेत. ते आधी गाडीत चढले, मग त्यांच्या कडेनं जागा मिळेल तसे लोक. एक म्हातारी बाई बाजूला काठी टेकून उभी होती. तिचे गुडघे गेले होते. दोन वर्षं ती भोंगऱ्याला खाली उतरली नव्हती, असं तिच्या सुनेनं सांगितलं. अक्कानं पुढचं दार उघडलं आणि तिला हात देऊन केबिनमध्ये बसवलं. मी, नाना आणि दाजी मागं ढोलांना धरून उभे राहिलो.

परतीच्या वाटेवर नाल्यात गाडी उतरली तसा एकानं टिपरू ढोलावर मारलं. मग दुसऱ्यानं. गाडी दगडावर चढली की ठेका लांबायचा, उतरली की तुटायचा, आणि ते जाणूनबुजून तसंच वाजवत होते, गाडीच्या तालावर. सगळी गाडी हसत होती. मागच्या काचेतून मला म्हातारीचं डोकं दिसत होतं. ती खिडकीतून वाकून खाली नाल्याकडे बघत होती.

काठावर आल्यावर मी उतरून पुढं गेले आणि विचारलं, "भीती वाटली का?"

तिनं नाही अशी मान हलवली आणि काहीतरी बोलली. अक्काला तिची भाषा समजते. तिनं मला सांगितलं. म्हातारी म्हणत होती, लग्न होऊन आले तेव्हापासून हा नाला पायांनी ओळखते, वरून कसा दिसतो ते आज पाहिलं. छान आहे.

बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. गुळाच्या जिलेबीचे ढीग, साखरेच्या हार-कड्यांची दुकानं, पाळणे. आमचे ढोल उतरले आणि इतर पाड्यांच्या ढोलांत मिसळले. छातीत त्यांचा आवाज आपटत होता. म्हातारीला सुनेनं एका ओट्यावर बसवलं. तिनं आधी जिलेबी मागितली, मग बांगड्या बघायला मागितल्या, आणि मग दुकानदाराशी असं कडाक्याचं भांडण काढलं की अक्का म्हणाली, हिला आता वर्षभर पुरेल.

नानाला दोन पोरींनी हात धरून गोलात ओढलं. तो आधी नाही म्हणाला, मग नाचला, आणि वाईट नाचला. दाजी टाळ्या वाजवत होते. अक्का माझ्या शेजारी उभी होती, एका हातात जिलेबीचा पुडा, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली.

"चल ना," मी तिला म्हणाले.

"हे धर," ती म्हणाली. पुडा माझ्या हातात, किल्ली कमरेला. आणि ती गोलात गेली.

मी जिलेबीचा एक तुकडा तोंडात टाकला, पुडा म्हातारीच्या ओटीत ठेवला आणि तिच्यामागं धावले.